दीड मिनिट चालू ठेवलेल्या इंजिनाबाबत

जबाब

नाव: ओळखपत्रात आहे तेच. गल्लीत, दुकानात व सासुरवाडीत सर्वजण टर्बोकाका म्हणतात. वय: ५७ वर्षे. धंदा: दातांच्या कवळ्या बनवणे. राहणार: बेकरीच्या वर, दुसरा मजला, जिना मागच्या बाजूने.

मी समक्ष पोलीस ठाण्यात हजर राहून विचारल्यावरून सांगतो की, मी वरील पत्त्यावर पत्नीसह राहतो. मुलगी लग्न होऊन परगावी असते. माझ्याकडे राखाडी रंगाची, नऊ वर्षे जुनी, पेट्रोलवर चालणारी गाडी आहे. इंजिन १३८० सीसी, चार सिलिंडर, टर्बोचार्जरसह. ताकद १३८ अश्वशक्ती. टॉर्क २४० न्यूटन मीटर, आणि तोही सोळाशे आरपीएमपासूनच. गाडीचा नंबर विचारला असता तो मला लगेच आठवला नाही. इंजिनाचा नंबर पाठ आहे व तो सांगितला आहे.

या इंजिनाबद्दल लोक बरेच वाईट बोलतात, आणि पोलिसांसमोर खोटे कशाला सांगू, त्यातले बरेचसे खरे आहे. टायमिंग चेन ढिली पडते, मग सकाळी सुरू करताना डब्यात खिळे हलवल्यासारखा आवाज येतो. पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारले जात असल्याने आत हवा घेणारे व्हॉल्व्ह कधी धुतले जात नाहीत व त्यांच्यावर काजळी चढते. ऑइल पिते. इग्निशन कॉइल एक गेली की बाकीच्या तिघी तिच्यामागे जायला बघतात. सर्वांत बदनाम म्हणजे पाण्याचा पंप. त्याचे घर प्लास्टिकचे, त्याला तडे जातात आणि कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारे पाणी, गळते. माझ्या गाडीचा पंप मात्र नऊ वर्षांत एक थेंब गळलेला नाही. ही गाडी वापरणाऱ्यांचा मोबाइलवर ग्रुप आहे, त्यात चारशेच्या वर माणसे आहेत आणि कोरडा पंप एकट्या माझा आहे. लोक मला विचारून गाड्या चालवतात. साहेबांनी 'मुद्द्याचं बोला' असे सांगितल्यावरून सांगतो की, मुद्दा हाच आहे.

टर्बो मिनिटाला लाखाहून जास्त फेरे घेतो व भयंकर तापतो. लांबून आल्यावर इंजिन झटकन बंद केले तर त्यातले ऑइल जागच्या जागी जळते. म्हणून मी कुठेही पोहोचलो की दीड मिनिट इंजिन चालू ठेवून बसतो. लग्नाला गेलो तरी, दवाखान्यात गेलो तरी. मुलीला परीक्षेला सोडतानाही बसलो होतो. ती दार उघडून पळाली, ते वेगळे. माझा पंप कोरडा असण्याचे कारण हे दीड मिनिटच आहे, असे माझे ठाम मत असून ते मी ग्रुपवर वारंवार मांडले आहे.

आज दुपारी आम्ही मेहुणीकडचा आठवड्याचा मुक्काम आटोपून परत येत होतो. रस्ता चढाचा होता. वाटेत मी पत्नीला टर्बोविषयी माहिती देत होतो. तिचे डोके दुखू लागल्याने ती मागच्या सीटवर गेली व ओढणी तोंडावर घेऊन आडवी झाली. औषधाच्या दुकानासमोर मी गाडी थांबवली. तेथे पेच पडला. पत्नीला गोळी लगेच हवी होती आणि टर्बोला दीड मिनिट हवे होते. मी दोघांचेही ऐकले. इंजिन चालू ठेवून दुकानात गेलो.

दुकानदार गोळ्यांची पट्टी कापत असताना बाहेरून आवाज आला. माझी गाडी कोणीतरी तिसऱ्या गिअरमध्ये, मरतुकड्या वेगात, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून नेत होते. या इंजिनाचा याहून मोठा छळ नाही. मी 'अरे, गिअर बदल! गिअर बदल!' असे ओरडत मागे धावलो. रस्त्यावरच्या लोकांनी मला गाडी शिकवणारा समजून चोराला वाट करून दिली. धावताना माझा चष्मा पडला व माझ्याच पायाखाली फुटला. चोराचे वर्णन विचारले असता सांगतो की, मला त्याचे डोके मागून दिसले. दात दिसले असते तर बरेच सांगू शकलो असतो.

गाडीत काय काय होते असे विचारल्यावरून सांगतो की, जॅक, पान्यांचा संच, हवा भरण्याचा पायपंप, चार नवे स्पार्क प्लग, छत्री आणि पत्नी.

येथे साहेबांनी पेन खाली ठेवले व 'काय म्हणालात?' असे विचारले.

'पत्नी. मागच्या सीटवर.'

'आणि हे तुम्ही आत्ता सांगताय?'

'साहेब, तुम्ही इंजिनापासून सुरुवात केलीत.'

साहेब म्हणाले की त्यांनी फक्त नाव विचारले होते. तिला फोन का केला नाही, असे विचारल्यावर सांगतो की, तिचा मोबाइल माझ्या खिशात आहे. ग्रुपवर टाकण्यासाठी इंजिनाचे फोटो त्यात चांगले येतात. हे मोठ्याने सांगितल्यावर मी काय करून बसलो ते माझ्या ध्यानात आले. मला पाणी देण्यात आले. मी रडलो नाही. साहेबांच्या सांगण्यावरून हे वाक्य खोडले असून रडलो असे वाचावे. येथे वायरलेसवरून संदेश देण्यात आला व जबाब थांबला.

जबाब पुढे सुरू. सांगतो की, मी बाकावर बसलो असताना मागच्या फाटकाकडून गाडीचा आवाज आला. तो मी झोपेतही ओळखतो. मी धावत मागच्या आवारात गेलो. तेथे जप्त केलेल्या मोडक्या गाड्या दाटीवाटीने उभ्या आहेत. त्यांच्या मधोमध माझी गाडी होती. बनियनवर हातपाय धूत असलेल्या हवालदारांना एक इसम म्हणत होता, 'मेस्त्री, जरा हिला बघता का? फार तापतेय.' हवालदारांनी त्याला बघितले व ताब्यात घेतले.

त्या इसमाने आणि माझ्या पत्नीने सांगितले ते असे. पत्नीला जाग आली तेव्हा पुढे अनोळखी माणूस होता. ती ओरडणार होती, पण तिचे लक्ष तापमानाच्या काट्याकडे गेले.

ती म्हणाली, 'बाजूला घे. गाडी तापलीय. गॅस्केट उडाली तर भंगारवालाही हात लावणार नाही.'

तो दचकून म्हणाला, 'तुम्ही कोण?'

'मी हिच्याबरोबर नऊ वर्षं काढलीत. घे बाजूला.'

त्याने बाजूला घेतली. बॉनेट उघडून तो कूलंटच्या टाकीचे झाकण फिरवणार, तेवढ्यात तिने त्याच्या हातावर चापटी मारली. 'गरम असताना उघडतात का? तोंड भाजून घेशील.' मग दोघे कडेच्या कट्ट्यावर गाडी निवण्याची वाट पाहत बसले. तेवढ्या वेळात तिने त्याला टायमिंग चेन, काजळी व कॉइल यांची माहिती दिली. मी सांगतो त्याच क्रमाने दिली, असे दिसते. मला वाटत असे की ती ऐकत नाही. चोरीचा पश्चात्ताप आपल्याला त्या कट्ट्यावरच झाला, असे इसमाचे म्हणणे आहे.

गाडी निवल्यावर तिने मागच्या सीटखालून सरबताची जुनी बाटली काढली. तीत गुलाबी कूलंट होते. ते सगळे टाकीत ओतून ती म्हणाली, 'एवढं पुरणार नाही. पुढे डावीकडे वळ, मागच्या बाजूला मोठं गॅरेज आहे.' मोडक्या गाड्या बघून इसमाची खात्री पटली.

बाटलीबद्दल मी पत्नीला साहेबांसमोरच विचारले.

ती म्हणाली, 'दर शुक्रवारी तुम्ही दुकानात गेलात की मी भरते. पंप गळतो आपला. सहा वर्षं झाली. या आठवड्यात ताईकडे होतो, जमलं नाही.'

'अगं, मग मला सांगितलं का नाहीस?'

'सांगायलाच आले होते. तुम्ही ग्रुपवर लिहीत होतात, माझी गळत नाही म्हणून. इतके खुश होतात. म्हटलं, राहू दे.'

एक थेंब गळलेला नाही हे वर लिहिलेले वाक्य खोडावे अशी मी विनंती केली. साहेब म्हणाले की रडण्याचे खोडले तेवढे पुरे, जबाबाची चाळण करायची नाही.

त्यानंतर सामान ओळखण्यासाठी हवालदारांनी पत्नीला गाडीतील वस्तूंची यादी दाखवली. ती वाचून ती म्हणाली, 'छत्रीच्या नंतर?' मी क्रमाबाबत खुलासा करू लागलो. ती म्हणाली, 'मी ताईकडे परत जाते. सहाची बस आहे. तुम्ही आणि तुमचा टर्बो बसा एकमेकांना निववत.' ती बाकाच्या दुसऱ्या टोकाला, भिंतीकडे तोंड करून बसली. ती यापूर्वीही रागावली आहे, पण बसची वेळ कधी सांगितली नव्हती. ती गेली तर त्या घरात मी काय करणार आहे, ते मला माहीत नाही.

शेवटी, पंचनाम्यासाठी, आवारात आल्यावर इंजिन कोणी बंद केले असे विचारल्यावरून सांगतो की, मी. दीड मिनिट थांब असे पत्नीने बजावल्यामुळे इसमाने ते चालूच ठेवले होते, व ती त्या वेळी सीटखाली वाकून बाटली ठेवत होती. मी धावत गेलो, खिडकीतून हात घातला आणि चावी फिरवली. किती वेळ थांबून, असे विचारले असता, अजिबात न थांबता. चष्मा नसल्याने मला आतले दिसत नव्हते आणि इंजिनाच्या आवाजात ती आहे की नाही ते ऐकू येत नव्हते. त्या वेळी टर्बो रसरसलेला असणार. बहुधा तो आता गेला. त्याबाबत माझी कोणाविरुद्धही तक्रार नाही.

चष्मा फुटला असल्याने हा जबाब साहेबांच्या परवानगीने पत्नीने मला मोठ्याने वाचून दाखवला. छत्रीपर्यंत ती दातओठ खात वाचत होती. चावीच्या वाक्याशी थांबली. ते तिने पुन्हा एकदा, मनात वाचले.

मग म्हणाली, 'लगेच बंद केलंत?'

मी म्हणालो, 'हो.'

'गरम असताना?'

'हो.'

तिने साहेबांच्या हातातून पेन घेतले, यादीत स्वतःला छत्रीखालून काढून जॅकच्या वर लिहिले आणि म्हणाली, 'इथे सही करा आणि चला. रिक्षा बघा एखादी.'

त्याप्रमाणे सही केली आहे. वाचून दाखवलेला मजकूर मी सांगितला तसाच उतरला आहे व तो सर्व खरा आहे, फक्त पंप गळतो.