नानांचा अडकित्ता

सुपारी? तो डबा माझ्याकडे सरकवूच नका. का ते ऐका.

एरंडोलचे नाना म्हणजे आमच्या अक्काचे यजमान. नव्वद सालच्या आसपासची गोष्ट. खिशात अडकित्ता आणि गालात सुपारी, झोपेतसुद्धा. पुढे त्यांचं तोंडच उघडेना. स्वतःच्या बागेतलं केळं कुस्करून खायची वेळ आली, तेव्हा मी त्यांना जळगावला डॉक्टरकडे नेलं. दातांमधून डॉक्टरांचं एक बोट जेमतेम आत गेलं.

डॉक्टर म्हणाले, "कातडीखाली कोलॅजन नावाचं प्रथिन असतं. ते पेशींना धरून ठेवतं. सुपारीनं ते तुमच्या गालात साठत गेलंय, दोरखंडासारखं. अशा गालात कॅन्सर सहज घर करतो. सुपारी आजच सोडा."

नाना मिटल्या दातांतून म्हणाले, "बठ्ठं गाव खास. मंग मालेच कसं व्हयनं?"

सगळं गाव खातं, मग आपल्यालाच कसं झालं, हा त्यांचा सवाल. आणि एसटी स्टँडवर पोचताच त्यांनी अडकित्ता काढला.

कॅन्सर निघाला तो गालातच. आधी गाल गेला, मग नाना.

बसायला आलेल्यांपुढे सुपारीचं तबक फिरलं. रीत म्हणे! ज्या सुपारीनं माणूस नेला, तिचीच रीत. मी अक्काला म्हटलं, "हे उचल." तेवढ्यात दीर कडाडले, "दारशी येल माणूसले सुपारी बी नही?"

नानांचा एक जुना मित्र रडत रडत नानांच्याच अडकित्त्यानं सुपारी कातरत होता. खांड गालात सारून त्यानं डोळे पुसले आणि अडकित्ता खिशाकडे नेत तो म्हणाला, "अक्का, हाऊ अडकित्ता मी लई जाऊ का? नानानी आठवण ऱ्हाई."