जेऊरची दोन तिकिटं

सोलापूर स्टेशनवर तिकिटाच्या रांगेत माझ्यापुढं मायलेकी उभ्या होत्या.

"सोनाली, फोन वाजला की पळशील बग. गेल्या खेपेला तुझं तिकीट वाया गेलं."

"काय करू आई? कारखान्यातला टॉवेलचा माग चालवणारा प्रोग्राम सी ह्या कॉम्प्युटरच्या भाषेतला, आणि नक्षी त्याच्या पोटातल्या छोट्या स्क्रिप्टमध्ये. सीमधून तिला काही विचारायचं तर आकडे एकावर एक रचून द्यायचे, काम झालं की वरून सगळे उचलायचे. एक राहिला की माग बंद."

"बोळात मेंढरं कोंडल्यागत की. शेवटचं आदी काढायचं."

"व्हय, अगदी तसंच! आता ते रचणं-उचलणं आपोआप होतं. एका ओळीत विचारायचं, उत्तर घ्यायचं."

"मग हे काय वाजतंय?"

"मल्हारच हाय, कारखान्यातला. स्पीकरवर टाकते. बोल, मल्हार."

"ताई, टॉवेलची किनार बदलली. मी एकट्यानं. चार ओळींत."

"माग बंद पडला?"

"न्हाय."

"मग फोन कशाला केलास?"

"ऐकवायला."

फोनमधून मागाची खटखट येत राहिली. एकसारखी, न अडखळता. रांग पुढं सरकली तरी दोघी जागच्या हलल्या नाहीत.

मग आईच खिडकीशी गेली.

"जेऊरची दोन द्या. आज दोन्ही लागणार हायत."