बापाचं मत

पलूसला मतदानाच्या रांगेत सुहासिनीच्या पुढं एक आजोबा आणि त्यांची नात उभी होती. नात पहिल्यांदाच मत द्यायला आली होती.

“क्रांते, आपल्या घरात पैल्यापास्नं एकच चिन्ह हाय.”

“ठाव हाय, आबा. पर माजं मत दुसरीकडं हाय.”

“आसं कुणी शिकवलं तुला?”

“तुमीच. रंगूबाईला वाळीत टाकायला साऱ्या गावानं हात वर केलं, तवा तुमचा एकट्याचा हात खाली हुता. मी तुमच्या मांडीवर बसले हुते.”

आजोबांनी पुढं सरकलेल्या रांगेकडं पाहिलं. सुहासिनीनं नजर दुसरीकडं वळवली.

“पुढं हो, पोरी. तुला पटंल त्येला दे.”

“आन् तुमी, आबा?”

“माजा बाप जाऊन लय वर्सं झाली. तरी मी आजून त्येचंच मत देतोय.”