समोरच्या दुकानातल्या पँटी

दातांच्या दवाखान्यात घड्याळ दुरुस्त करणारे काका सुजलेला गाल धरून बसले होते. आठवडाभरात त्यांच्या दुकानाची पायरी जेमतेम दोघांनी चढली होती. शेजारच्या बाकावर एक शिवणकाम करणारी बाई आपल्या नणंदेशी बोलत होती.

"वहिनी, समोर तयार कपड्यांचं एवढं मोठं दुकान झालं. मला वाटलं, तू मशीन विकणार."

"विकायलाच काढलं होतं गं. गिऱ्हाईक फिरकेना."

"मग जाहिरात दिलीस?"

"जाहिरात कुठली परवडतेय? सरळ त्याच दुकानात गेले. म्हटलं, तुमच्या पँटी लोकांना लांब होतात, म्हणून ते हात हलवत परत जातात. मी तासाभरात आखूड करून देते."

"त्यांच्याच दारात? मला नसतं बाई जमलं."

"आधी मालक नाही म्हणाला. दोन दिवसांनी त्यानेच निरोप धाडला."

"आणि लोकांना कसं कळतं, काम तुझं आहे ते?"

"प्रत्येक पँटीच्या खिशात एक जादा बटण आणि माझ्या नंबरची चिठ्ठी टाकते. बटणासाठी कोणी फोन करत नाही. पडदे शिवता का, म्हणून करतात."

"धन्य आहे तुझी."

आतून हाक आली, "काका, चला, तुमचा नंबर."

"आधी यांना घ्या," म्हणत काकांनी पलीकडच्या माणसाला पुढे केलं आणि ते बाईंच्या बाजूला सरकले.

"ताई, त्या दुकानात मनगटी घड्याळंही विकतात का हो? पट्टे बऱ्याच जणांना सैल होतात."