दोघींच्या कानात एकच शिट्टी

— नाही नाही, बस की, बाकावर जागा आहे. कानात शिट्टी वाजणाऱ्यांचा गट हाच, बरोबर आलीस. सुरू झालाय, पण उशिरा येणाऱ्यांना कोणी काही बोलत नाही. मी? मी आतूनच उठून आले — गरम व्हायला लागलं जरा. मेदेयिन शहरातून आलीस? मेट्रोने? आणि कुठला कान, दोन्ही? मारिया माउली, एवढ्या कोवळ्या वयात! दिवसभर हेडफोन लावून गिऱ्हाइकांशी बोलायचं काम, हो ना? ओळखलंच मी. आमचं दुखणं गिरणीतलं. मी एदिल्मा, आणि ती निळ्या ब्लाउजवाली — दाराच्या फटीतून बघ — ती रुबिएला, माझी धाकटी बहीण.

इथेच, इतागुईच्या कापडगिरणीत, आम्ही समोरासमोर माग चालवायचो. लग्नाआधीपासून ते गिरणी बंद पडेपर्यंत. तोच खडखडाट, तीच धूळ, आणि कानात शिट्टीही तीच. पण तपासणी झाली तेव्हा — ऐक हं — तिचे कान माझ्यापेक्षा वाईट निघाले! डॉक्टर मला म्हणाले, "एदिल्माबाई, बहिणीपेक्षा तुमचे बरे आहेत." बरे! मग झोप मला का नाही? गोळ्या मला का? ती खुशाल घोरते, आणि माझ्या डोक्यात कोणीतरी राजम्याचा कुकर चढवून बाजारात निघून गेलंय. इथली डॉक्टरीण, ती मनाचं शिकलेली, ती म्हणते, आवाज किती मोठा यावर सगळं नसतं. तुम्ही त्याला किती घाबरता, घरात सोबत कोण असतं, यावर बरंच असतं. सोबत! माझा नवरा — देव त्याला शांती देवो — म्हणायचा, "कुठे काय वाजतंय? तुला नाटकं हवीत." आणि तिचा नवरा आर्नुल्फो विचारतो, "काय म्हातारे, आज कानात बोलेरोचं गाणं वाजतंय की टँगोचं?" संध्याकाळी तिच्याजवळ रेडिओ बारीक लावून ठेवतो, शिट्टी बुडावी म्हणून. कोणी सांगितलं नव्हतं त्याला, आपणहून — मला काय त्याचं! मी आपलं सांगतेय.

रविवारी तिच्याकडे जेवायला गेले होते. राजमा, भात, तळलेली केळी, सगळा गोतावळा जमलेला. तिची नात सालोमे, एवढीशी, आजीच्या कानाला कान लावते नि विचारते, "आजी, कानातला किडा आज काय म्हणतोय?" आणि ही रचून सांगते — आज किड्याचं लग्न आहे, आज त्याला पडसं झालंय. सगळे हसतात. मी म्हटलं, "सालोमे, माझ्याही कानाला लाव की! माझ्याकडेही आहे किडा." पोरगी आजीच्या खुर्चीमागे लपली. म्हणाली, "तुझा चावतो." झालं! अख्खं टेबल हसलं. रुबिएलासुद्धा. मीही हसले, आणि हसता हसता बोलले — "हास गं, हास. तुझे कान माझ्यापेक्षा वाईट आहेत, डॉक्टरांनीच सांगितलंय. शिट्टी वाढत जाणार, आणि एक दिवस या पोरीचा आवाज तुला ऐकूच यायचा नाही." — खोटं बोलले का मी? तपासणी खरीच होती. पुढचं… पुढचं डॉक्टर काही म्हणाले नव्हते. पण जेवता जेवता माणूस काय तोलून मापून बोलतं?

आर्नुल्फोने चमचा खाली ठेवला. रुबिएला एवढंच म्हणाली, "ताई, भात वाढू अजून?"

आणि आत्ता, आत — डॉक्टरणीने विचारलं आज कोण बोलणार, तर हिने हात वर केला. मला वाटलं, हसवणार नेहमीसारखी. तर म्हणाली, "रविवारपासून मला झोप नाही. आधी शिट्टी नुसती असायची, आता मी तिच्यावर पहारा करते — वाढली का, वाढली का. नात बोलायला लागली की मी तिच्या ओठांकडे बघत राहते." माझं नाव नाही घेतलं गं. एका शब्दाने नाही. आणि मला काय झालं सांगू? रडू यायला हवं होतं ना? माझी शिट्टी थांबली. खरंच! सगळं शांत, लख्ख. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला बरं वाटलं — मोठ्याने बोलले का मी हे? सोडून दे. विसर.

ती बघ, आलीच दारात. — काय गं? — हो हो, येते. घाबरायचं काय त्यात? तू हो पुढे, मी येते, तुझ्याजवळच बसते…

गेली. डोळे बघितलेस तिचे? सुजलेत. सांगायला हवं ना तिला, की ते पुढचं मी मनाने जोडलं होतं? एकच वाक्य. सांगितलं की आज घरी जाऊन पुन्हा घोरेल, तो रेडिओ लावेल, पोरगी येऊन गळ्यात पडेल, सगळे हसतील, आणि मी —

काय बघतेस अशी? तुझं नाव पुकारतायत ना आत? ऊठ. जा म्हणते ना!