पाण्याची तीन विशेषणं

तपासणीचं भ्या मला इचारा. नेकनूरकडच्या शाळेत मी इंग्रजी शिकवायचो. दुष्काळ होता, दूध सोसायटीचा टँकर आठ दिवसांनी पाणी आणायचा. तपासणीचे साहेब आले, पाण्याचा ग्लास हातात घेऊन सातवीतल्या रुखसानाला म्हणाले, "पाण्याला इंग्रजीत तीन विशेषणं सांग."

चुकली तर शेरा मला.

"क्लीन, यूज्ड, डर्टी."

"यूज्ड?"

"भाजी धुतलेलं. त्यात भांडी घासतो. मग ते डर्टी, ते झाडाला."

साहेबांनी तोंडाजवळचा ग्लास थांबवला. "मग हे कोणतं?"

"क्लीन, साहेब. तुमच्यासाठी आमी सगळ्यांनी आपापल्या बाटलीतलं घोट-घोट वतलंय."

तास संपेपर्यंत साहेब ते पाणी प्यालेही न्हाईत आन् ग्लास खालीही ठेवला न्हाई.