भाऊजीनं हुंगलेलं सोनखत

सोनखत काय चीज हाय, ते आमच्या भाऊजीले इचारा. भाऊजी म्हंजे माह्या मोठ्या बहिनीचे मालक. अमरावतीले वकील हायेत अन् सोवळ्याचे भलते कडक.

आमच्या मोर्शीच्या बगीच्यात दोन खड्ड्याइचा संडास हाय. एक खड्डा भरला की तो बंद करून दुसरा चालू करतो. दोन वर्सांनं बंद खड्डा उघडला, त आत चहापत्तीसारखी काळी, मोकळी माती! वास बिलकूल नाई. मी ते संत्र्याच्या झाडाइले टाकून राहिलो होतो, तेवढ्यात भाऊजी आले. त्याइनं मूठभर उचलून हुंगलं अन् म्हनले, "वा! माह्या देवाच्या गुलाबाले एक पोतं दे बरं."

मांगून बायको मले डोळ्यानं चूप राहाले सांगून राहिली. पन देवाचं काम, खोटं कसं बोलू? सांगून टाकलं.

भाऊजीची मूठ तशीच हवेत. मले वाटलं, आता बहीन काई माहेरी येत नाई.

मंग त्याइनं दुसऱ्या हाताची बोटं मोजली. "तो खड्डा चालू होता तवा दोन दिवाळ्या, आठ-आठ दिवस, मी इथंच जेवलो. माह्या हिश्श्याचं पोतं भर. फक्त तुमचं त्यात मिसळू नको."